विद्यामंदिरातील मेंढपाळ
महाविद्यालयीन तरुणांमधील श्रद्धा व सेवा यांचा पूर्वेतिहास आणि आपले कर्तव्य



महोत्सवाचे वर्ष म्हणजे परमेश्वराच्या उपकारांची मोजदाद करण्याचे वर्ष होय. या स्मरणिकेच्या इतर पानांवर आपल्या देवळाची, पूर्वीच्या धर्मगुरूंची व व्रतस्थ भगिनींच्या सेवेची हकीकत लिहिली गेली आहे. ती पुन्हा सांगून वाचकांचा वेळ घेण्याची माझी इच्छा नाही. संपादक मंडळाने मजकडे लेख मागितला, तेव्हा माझ्या मनात एक निराळाच प्रश्न घोळत होता, व तोच आपणापुढे ठेवावा असे मी ठरविले.

रविवारी मिस्सेच्या वेळी वेदीपाशी उभा राहून मी बाकांकडे पाहतो. पुढे धर्मशिक्षणाच्या वर्गातील लहान मुले असतात, मागे आजेआज्या असतात. दसरादिवाळीनंतर ऊसतोडीस गेलेली कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडावर परतली, म्हणजे मधले बाकही भरून जातात. परंतु एक जागा बाराही महिने बहुधा रिकामीच राहते. ती अठरा ते चोवीस वर्षांच्या तरुणतरुणींची. ती मुले बीडला, अंबाजोगाईला, लातूरला, छत्रपती संभाजीनगरला अथवा पुण्याला शिकावयास गेलेली असतात. त्यांनी शिकावे म्हणून आपण नवस बोललो, कर्ज काढले, मुकादमाची उचल घेतली. मात्र त्यांची ट्रंक एस. टी.च्या टपावर चढली, त्या दिवसापासून त्यांच्या श्रद्धेचे पालकत्व कोणाकडे गेले, हा प्रश्न आपण स्वतःस विचारला आहे काय?

ज्याला आज महाविद्यालयीन प्रेषितकार्य म्हणतात, त्याचा इतिहास याच प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा इतिहास आहे. तो थोडक्यात पाहू, म्हणजे आपले कर्तव्यही आपोआप स्पष्ट होईल.

एका खोलीतील तीन विद्यार्थी

इ. स. १५२९ च्या सुमारास पॅरिस येथील सेंट बार्ब विद्यालयात एका खोलीत तीन विद्यार्थी राहत होते. पहिला सॅव्हॉयच्या डोंगरांतील मेंढपाळाचा मुलगा पीटर फेबर. दुसरा नव्हारच्या सरदारघराण्यातील फ्रान्सिस झेवियर. आणि तिसरा, वयाने या दोघांहून पंधरा वर्षांनी मोठा, लढाईत पाय मोडलेला इग्नेशियस लोयोला. इग्नेशियस अभ्यासात कच्चा असल्यामुळे फेबर त्यास ॲरिस्टॉटल समजावून देई, व त्याच्या मोबदल्यात इग्नेशियस फेबरला प्रार्थनेची वाट दाखवी. झेवियर मात्र बराच काळ दाद देत नव्हता. त्याचे लक्ष मानमरातबाकडे व धर्मपीठावरील मोठ्या जागेकडे होते. इग्नेशियसने त्याच्याशी वाद घातला नाही. त्याने त्याच्या पैशाच्या अडचणी भागविल्या, त्याच्या वर्गाला विद्यार्थी मिळवून दिले, आणि वाट पाहिली. अखेर १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्रच्या टेकडीवर सात मित्रांनी प्रभूपुढे व्रत घेतले. येशूसंघाचे बीज असे विद्यार्थ्यांच्या खोलीत रुजले.

पुढे झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यास उतरले. भारताच्या किनाऱ्यावर काम करीत असता १५४४ साली त्यांनी युरोपातील आपल्या बांधवांस जे पत्र लिहिले, त्यात त्यांची एक तळमळ व्यक्त झाली आहे. युरोपातील विद्यापीठांत, विशेषतः पॅरिसला जाऊन, वेड्यासारखे ओरडून तेथील विद्वानांस सांगावे, की तुमच्यापाशी ज्ञान पुष्कळ आहे, पण ते सार्थकी लावण्याची इच्छा तितकी नाही, असे त्यांना वाटे. आपण ३ डिसेंबरला ज्यांचा सण पाळतो, त्या संताला समुद्राच्या वाळूत मुलांना प्रार्थना शिकवीत असताना विद्यापीठ आठवत होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. विद्या मिळविणे हे त्यांच्या दृष्टीने अर्धेच काम होते. ती कोणासाठी मिळवावयाची, हे उरलेले अर्धे.

ओवीतून शिकविणारा रेक्टर

झेवियर यांच्यानंतर सदतीस वर्षांनी, २४ ऑक्टोबर १५७९ रोजी, फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय गोव्यास आले. पुढील चाळीस वर्षे त्यांनी मुख्यतः साष्टी महालात घालविली, व तेथील विद्यालयाचे ते रेक्टरही होते. तो काळ निर्मळ नव्हता, हे आपण कॅथलिकांनी प्रांजळपणे सांगितले पाहिजे. १५६७ साली साष्टीतील हिंदूंची देवळे राजसत्तेच्या बळाने पाडण्यात आली होती, आणि त्या जखमा ताज्या होत्या. अशा वेळी या परदेशी गुरूने येथील लोकांची भाषा शिकून, तिची गोडी चाखून, त्या भाषेच्या ओवी छंदात ख्रिस्ताची कथा रचली. जुनी पुराणे हातची गेली आणि नवे काही वाचावयास मिळाले नाही, ही नवख्रिस्ती लोकांची उणीव त्यांनी ओळखली होती. सुमारे अकरा हजार ओव्यांचे ते 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे छापले गेले. लिपी रोमन, परंतु भाषा मराठी. १६१९ साली फादर स्टीफन्स यांनी देह ठेवला. त्यानंतर १६४९ व १६५४ साली ग्रंथाच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या.

आपल्या अंबाजोगाईस आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे. दासोपंतांची पासोडी तेथेच आहे. ओवी म्हणजे काय, हे आपणांस कोणी बाहेरून येऊन सांगावयास नको. म्हणूनच स्टीफन्स यांचे मोठेपण मराठवाड्यातील माणसास लवकर उमगते. सत्तेने देऊळ पाडता येते, पण मन जिंकता येत नाही. मनात शिरावयाचे तर ज्याला शिकवावयाचे, त्याची भाषा आधी आपण शिकावी लागते. आज आमच्या तरुणांची भाषा निराळी आहे, त्यांच्या चिंता निराळ्या आहेत. ती भाषा आम्ही धर्मगुरूंनी किती शिकलो, हा प्रश्न राशोलचा तो रेक्टर आम्हांस विचारीत आहे.

"तुम्ही काय करीत आहात?"

आता पुन्हा पॅरिसला जाऊ. पण तीनशे वर्षांनंतरच्या. फ्रेडरिक ओझानाम नावाचा विद्यार्थी तेथे कायद्याचा अभ्यास करीत होता. राज्यक्रांतीनंतरच्या त्या शहरात पुष्कळ विद्वान धर्माची टर उडवीत असत. ओझानाम व त्याचे मित्र एका चर्चामंडळात ख्रिस्ती धर्माने जगावर केलेल्या उपकारांचा पक्ष मांडीत. एके दिवशी प्रतिपक्षातील एकाने त्यांस अशा अर्थाचा सवाल केला, की पूर्वी तुमच्या धर्माने पुष्कळ केले असेल; पण आज या शहरातील गरिबांसाठी तुम्ही स्वतः काय करीत आहात?

या प्रश्नास वादाने उत्तर देता येत नव्हते. २३ एप्रिल १८३३ रोजी, म्हणजे ओझानामच्या विसाव्या वाढदिवशी, काही थोडे विद्यार्थी एकत्र जमले व त्यांनी गरिबांच्या घरी स्वतः जाऊन मदत करण्याचे ठरविले. झोपड्यांची वाट त्यांना भगिनी रोझाली रांद्यू यांनी दाखविली. हीच पुढे सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी झाली, जिच्या शाखा आज जगभर पसरल्या आहेत. २२ ऑगस्ट १९९७ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी पॅरिस येथेच ओझानाम यांस धन्य म्हणून घोषित केले.

येथे एक मर्म आहे. त्या विद्यार्थ्यांची श्रद्धा वादविवादात डळमळू लागली होती. ती सावरली गेली सेवेमुळे. पायऱ्या चढून, दार ठोठावून, आजारी माणसाच्या उशाशी बसून त्यांस जे कळले, ते कोणत्याही व्याख्यानात कळले नसते. तरुणाची श्रद्धा नुसत्या उपदेशाने टिकत नाही. तिला हातांसाठी काही काम द्यावे लागते.

याच सुमारास इंग्लंडात ऑक्सफर्ड येथे जॉन हेन्री न्यूमन हे ओरिएल कॉलेजात शिकवीत होते. शिक्षकाचे काम केवळ पाठ देण्याचे नसून विद्यार्थ्याच्या आत्म्याची काळजी वाहण्याचेही आहे, असा त्यांचा आग्रह होता. कॉलेजच्या प्रमुखांस तो मान्य नव्हता, व त्यांनी न्यूमन यांच्याकडे नवे विद्यार्थी पाठविणे बंद केले. पुढे ते कॅथलिक झाले, कार्डिनल झाले, आणि १३ ऑक्टोबर २०१९ रोजी संतपदास चढले. त्यांच्या नावाने चालणारी विद्यार्थिमंडळे आज अनेक देशांतील विद्यापीठांत आहेत. ज्या विचारापायी शिष्य गेले, तोच विचार पुढे त्यांचे स्मारक झाला.

मुंबईचा कटू धडा आणि जालन्याचे फळ

आता आपल्या प्रांताकडे वळू. स्कॉटलंडचे प्रॉटेस्टंट मिशनरी डॉ. जॉन विल्सन हे १८२९ साली मुंबईस आले, व १८३२ साली त्यांनी जी शाळा काढली, तिचेच पुढे विल्सन कॉलेज झाले. १८३९ साली त्यांच्या शाळेतील दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. शहरात खळबळ उडाली, प्रकरण न्यायालयात गेले, आणि शाळेतील विद्यार्थ्यांची संख्या एकदम रोडावली. १८४३ साली नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे गेला होता. पण तो अल्पवयीन असल्याने न्यायालयाने त्यास वडिलांच्या स्वाधीन केले. त्या मुलास प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही, यावर मुंबई व पुण्याच्या पंडितांत मोठा वाद माजला. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी त्या मुलाची बाजू घेतली.

या घटनांकडे पाहताना मी दोन गोष्टी एकत्र ठेवू इच्छितो. प्रौढ माणसास आपल्या सदसद्विवेकबुद्धीप्रमाणे चालण्याचा अधिकार आहे, यात शंका नाही. परंतु शाळेत घातलेले मूल आपल्या हातून जाईल की काय, ही आईबापांची भीतीही खोटी नव्हती. विद्या ही जेव्हा गळाला लावलेले आमिष आहे असे लोकांस वाटू लागते, तेव्हा विद्या व धर्म या दोहोंचीही हानी होते. आपल्या ख्रिस्तसभेनेही हे पूर्ण स्पष्टपणे सांगावयास दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत वेळ घेतला. ७ डिसेंबर १९६५ रोजीच्या धर्मस्वातंत्र्यविषयक जाहीरनाम्यात परिषदेने सांगितले, की धर्माच्या बाबतीत कोणावरही जुलूम होता कामा नये. सेवा ही श्रद्धेचे फळ आहे. ती श्रद्धेची किंमत म्हणून मागावयाची नाही.

मात्र याच कथेचा उत्तरार्ध आपल्या शेजारीच घडला आहे, व तो फार थोड्यांस ठाऊक आहे. तेच नारायण शेषाद्री १८५४ साली पाळक म्हणून दीक्षित झाले. मुंबईत त्यांना मान होता, इंग्रजी उत्तम येत होते. शहरात राहून सुखाने दिवस काढता आले असते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात ते निजामाच्या राज्यात जालन्यास आले, आणि सर सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल नावाची वस्ती वसविली. गावकुसाबाहेर ठेवलेल्या लोकांसाठी तेथे घरे, शाळा व प्रार्थनामंदिर उभे राहिले. १८९१ साली त्यांचे निधन झाले. ते आपल्या पंथाचे नव्हते. पण ज्या ब्राह्मण विद्यार्थ्याने मुंबईच्या वर्गात ख्रिस्ताचे नाव ऐकले, त्याने पुढे ते नाव गावकुसाबाहेर सेवेच्या रूपाने नेले, हे पाहून कोणा ख्रिस्ती माणसाचे मस्तक नम्र होणार नाही? विद्यार्थ्यावर केलेले संस्कार कोठे जाऊन पिकतील, हे शिकविणाऱ्यास ठाऊक नसते. मुंबईच्या बाकावर पेरलेले बी मराठवाड्याच्या काळ्या मातीत उगवले.

सेंट झेवियर्सचे अंगण

कॅथलिकांच्या बाजूस मुंबईत मोठे काम जर्मन येशूसंघीयांनी केले. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, आणि १८६९ साली सेंट झेवियर्स कॉलेज सुरू झाले. तेथे हिंदू, पारशी, मुसलमान व ख्रिस्ती मुले एकाच बाकावर बसून शिकू लागली. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि या कॉलेजवर संकट कोसळले. जर्मन फादर एकाएकी शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरले. त्यांपैकी अनेकांस नजरकैद भोगावी लागली, व पुढे त्यांस देश सोडावा लागला. त्या अडचणीच्या काळात इंग्रज येशूसंघीय फादर आल्बन गुडियर यांनी कॉलेजची बाजू सावरली. १९१९ साली ते मुंबईचे आर्चबिशप झाले. नंतर १९२२ च्या सुमारास स्पेनमधील येशूसंघीयांनी हे काम हाती घेतले.

या कॉलेजातील दोन गुरूंची आठवण मला विशेष वाटते. फादर एथेलबर्ट ब्लॅटर हे स्वित्झर्लंडचे. १९१९ ते १९२४ या काळात ते प्राचार्य होते. फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव हे स्पेनचे. त्यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, आणि १९६७ साली त्यांस पद्मश्री मिळाली. हे दोघेही वनस्पतिशास्त्रज्ञ. विद्यार्थ्यांना घेऊन ते सह्याद्रीच्या घाटांत हिंडत, पाने-फुले गोळा करीत, ती वाळवून कागदावर नीट चिकटवीत. ब्लॅटर यांच्या नावाचा तो वनस्पतिसंग्रह आजही कॉलेजात आहे. डोंगरातल्या या पायपिटीस कोणी धर्मकार्य म्हणणार नाही. पण मला तसे वाटत नाही. जो गुरू विद्यार्थ्याबरोबर ऊन खातो, त्याच्या पिशवीतील भाकर वाटून घेतो, व गवताच्या एका काडीसही देवाची निर्मिती म्हणून आदराने उचलतो, त्याने न बोलता पुष्कळ प्रवचन केलेले असते.

विहिरी खणणारे विद्यार्थी

सर्व तरुण काही कॅथलिक कॉलेजात जात नाहीत. सरकारी व इतरांच्या महाविद्यालयांतील कॅथलिक मुलांचे काय, या काळजीतून १९२४ साली मद्रास येथे फ्रेंच येशूसंघीय फादर कार्टी यांनी ज्या चळवळीचा आरंभ केला, तीच पुढे अखिल भारतीय कॅथलिक विद्यापीठ संघ या नावाने वाढली. १९५० नंतरच्या दशकात तिची धुरा फादर पियर सेराक यांच्याकडे आली. हे १९३७ साली भारतात आले व २०१२ साली चेन्नईत वारले. विद्यार्थ्यांना सुटीत घरी न धाडता त्यांनी झोपडपट्ट्यांत व खेड्यांत नेले, आणि घरे बांधावयास लावले. पुढे तामिळनाडूतील मानामदुराईच्या कोरड्या प्रदेशात त्यांनी विहिरींचे मोठे काम उभारले. १९७० साली पूनामल्ली येथे या विद्यार्थिसंघाने एक जाहीरनामा संमत केला, व अन्यायाने दबलेल्यांच्या बाजूस उभे राहणे हे आपले ध्येय ठरविले.

विहीर म्हटली की आपल्या जिल्ह्यातील माणसाचे कान टवकारतात. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेले हात आजही या देवळात जोडले जातात. कोरड्या विहिरीच्या तळाशी उतरून गाळ उपसणे म्हणजे काय, हे आपणांस पुस्तकातून शिकावे लागत नाही. म्हणून मला वाटते, की सेवेच्या या शाळेत आपली मुले विद्यार्थी म्हणून नव्हे, शिक्षक म्हणून जाऊ शकतील.

आपला मुलूख आणि माझी चूक

आपल्या मराठवाड्यात उच्च शिक्षण उशिरा आले. निजामाच्या राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, पण ते दूर हैदराबादेस, आणि शिक्षण उर्दूतून. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हा मुलूख मुक्त झाला. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेस जे महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, ज्यास १९९४ साली डॉ. आंबेडकरांचे नाव देण्यात आले. गावकुसाबाहेरच्या मुलांसाठी ही दारे उघडली, तेव्हा आपल्याही मुलांसाठी ती उघडली. १९७७ साली औरंगाबाद धर्मप्रांत निर्माण झाला, त्यात आपला बीड जिल्हा आला. म्हणजे विद्यापीठ आधी आले, व धर्मप्रांत नंतर. आपली मुले शहरात पोहोचली, पण त्यांच्या मागोमाग मेंढपाळ पोहोचला नाही, असे मी म्हणतो तेव्हा दोष इतरांस देत नाही. तो दोष माझाही आहे, व तो येथे सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी नवखा धर्मगुरू असता दुसऱ्या एका ठिकाणी माझी नेमणूक होती. तेथील एका ऊसतोड कुटुंबातील मुलगा बारावी झाला. आईबाप कोयता घेऊन दर साली कारखान्यावर जात. हा मुलगा आजीजवळ राहून, चिमणीच्या उजेडात शिकला. वेदीवर सेवा करणारा, स्तोत्रे गोड गळ्याने म्हणणारा असा तो मुलगा होता. शहरात त्यास प्रवेश मिळाला तेव्हा मी वसतिगृहासाठी शिफारसपत्र लिहिले, हाती थोडे पैसे दिले, मस्तकावर हात ठेवला, आणि आपले कर्तव्य झाले असे समजलो. पुढील दोन वर्षांत त्या शहरात मी अनेकदा गेलो. कधी सभेला, कधी बँकेत, कधी सायकलचे सुटे भाग आणावयास. त्याच्या खोलीवर मात्र मी एकदाही गेलो नाही. उद्या जाऊ, पुढल्या खेपेस जाऊ, असे म्हणत राहिलो.

दुसऱ्या वर्षी मुलगा शिक्षण सोडून परत आला. नापास झाला नव्हता. पैसेही अगदीच संपले नव्हते. मी घरी गेलो तेव्हा तो फडावर निघून गेला होता. त्याच्या आईस मी कारण विचारले. ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "फादर, तिथं त्याला नाव घेऊन हाक मारणारं कुणी नव्हतं."

उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांस नावाने हाक मारतो, हे योहानाच्या शुभवर्तमानातील वचन मी गुरुविद्यालयात अभ्यासिले होते, त्यावर प्रवचनेही दिली होती. त्याचा अर्थ मात्र त्या माउलीने मला शिकविला. मी पत्र लिहिले, पण हाक मारली नाही. तो मुलगा आज स्वतः बाप आहे व हंगामात कोयताच चालवितो. कष्टाच्या त्या कामास मी हलके लेखीत नाही. पण त्याची वाट त्याने निवडली नव्हती, ती माझ्या आळसाने निवडली होती, ही टोचणी मला सुटत नाही.

आपले कर्तव्य

एवढा इतिहास सांगून झाल्यावर तात्पर्य सोपे आहे. पॅरिसच्या खोलीत, साष्टीच्या विद्यालयात, सह्याद्रीच्या घाटात, मानामदुराईच्या विहिरीपाशी कार्य चालले, ते कोणीतरी तरुणाजवळ जाऊन बसले म्हणून चालले. मोठ्या इमारती हव्यातच असे नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये तरुणांविषयी भरलेल्या बिशपांच्या परिषदेने व त्यानंतर २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी आपल्या पत्रातून हेच सांगितले, की तरुणांना आधी सोबत पाहिजे. अम्माउसच्या वाटेवर निराश होऊन चाललेल्या दोघा शिष्यांजवळ प्रभू आला तो प्रथम त्यांच्याबरोबर चालला, त्यांस काय झाले म्हणून विचारले, व त्यांचे ऐकून घेतले. शास्त्राचा उलगडा त्याने नंतर केला. आम्ही बहुधा क्रम उलटा करतो.

म्हणून या महोत्सवी वर्षाची आठवण म्हणून मी चार गोष्टी सुचवितो.

पहिली, देवळात एक वही ठेवावी. बाप्तिस्म्याची नोंद ज्या काळजीने करतो, तितक्याच काळजीने शिकावयास बाहेरगावी गेलेल्या प्रत्येक मुलामुलीचे नाव, गाव, महाविद्यालय व राहण्याची जागा तीत लिहावी. ती वही दर महिन्यास मी स्वतः उघडीन.

दुसरी, बीड, अंबाजोगाई, संभाजीनगर, पुणे अशा शहरांत आपल्या ओळखीचे एक तरी ख्रिस्ती कुटुंब शोधावे, की ज्यांच्या घरी महिन्यातून एकदा त्या मुलांस जेवणाचे आमंत्रण असेल. वसतिगृहातील मेसचे जेवण खाणाऱ्या पोरास घरची बाजरीची भाकर व पिठले मिळाले, म्हणजे अर्धी प्रार्थना तेथेच होते.

तिसरी, सुटीत परतलेल्या विद्यार्थ्यांनी गावातील मुलांसाठी अभ्यासवर्ग चालवावेत. दिवाळीच्या सुटीत मायबाप फडावर आणि मूल आजीजवळ, अशी घरे आपल्यात किती आहेत, हे आपणांस माहीत आहे. ज्यास हे दुःख स्वतः भोगून ठाऊक आहे, त्याच्यासारखा शिक्षक त्या मुलास कोठे मिळणार? राष्ट्रीय सेवा योजनेत आपली मुले इतरांबरोबर काम करीतच आहेत. तेही आपलेच काम आहे, असे त्यांस सांगावे.

चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची: या वर्गांत कोणत्याही धर्माचे, कोणत्याही जातीचे मूल येवो, त्यास कोणतीही अट नसावी, देवळात येण्याचीसुद्धा नाही. १८३९ व १८४३ सालचा धडा आपण विसरू नये. आपण दिले म्हणून त्याने विश्वास ठेवावा, असा सौदा प्रभूने कधी केला नाही. दहा कुष्ठरोगी बरे झाले, एकच परत आला. पण उरलेल्या नऊजणांचे आरोग्य त्याने काढून घेतले नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या पूर्वजांनी या माळरानावर देऊळ बांधले, तेव्हा त्यांच्यापाशी धन नव्हते. एकमेकांचे नाव घेऊन हाक मारण्याची रीत मात्र होती. तेच धन पुढे चालवावयाचे आहे. पुढील महोत्सव जेव्हा येईल, तेव्हा मी या वेदीपाशी नसेन. परंतु त्या दिवशी जो कोणी धर्मगुरू येथे उभा राहील, त्यास मधले बाक भरलेले दिसोत, आणि वहीतील प्रत्येक नावापुढे कोणीतरी एकदा तरी जाऊन आल्याची खूण असो, एवढीच माझी प्रार्थना आहे.

संत फ्रान्सिस झेवियर आपल्या तरुणांसाठी विनंती करोत. उत्तम मेंढपाळ जो प्रभू येशू ख्रिस्त, तो आपणां सर्वांस आपल्या कळपात राखो. आमेन.

आपला प्रभूठायी नम्र सेवक,
आपले धर्मगुरू